तीन डब्यांचा युरोप

सुरतेत पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं शेड जुळवतो. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, बोटभर कापडाचा तुकडा आणते, टेबलावर ठेवते आणि म्हणते, मास्टर, डिट्टो असाच पाहिजे. मग कोणता रंग किती घ्यायचा ते मी ठरवतो. लोकांना हे काम सोपं वाटतं. आमच्या एका नातेवाइकाने तर भर लग्नात विचारलं होतं, "म्हणजे होळीसारखंच ना?" त्याच्याशी मी अजून धड बोलत नाही.

पण सांगायचं आहे ते लेकीच्या कामाबद्दल. ते सांगताना माझी एक जुनी गोष्ट मध्ये येणार आहे आणि ती गाळून हे लिहिता येत नाही. माझ्या एका वाक्यामुळे एका माणसाचं काम गेलं होतं. वाक्य चुकीचं होतं हे पुढं मला कळलं, आणि कळूनही मी सोळा वर्षं गप्प बसलो.

लेकीने बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केलं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिने विषय घेतला तो युरोपातल्या लोकांचा: आजच्या माणसांत हजारो वर्षांपूर्वीच्या कोणत्या माणसांचा किती अंश आहे. डिंडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप ठेवून ती हे करायची. तिची आई भाकरी थापता थापता एकदा म्हणाली, "गोरा लोकेस्ना बापजादा तू कसाले मोजी राहिनी? आपला मोज ना."

लेकीचं उत्तर तयार होतं. थंड मुलखात जुनी हाडं टिकतात, त्यांतला डीएनए वाचता येतो. आपल्याकडच्या उन्हात तो लवकर नासतो. शिवाय तिकडच्या सांगाड्यांची माहिती कोणालाही घरबसल्या फुकट उतरवून घेता येते, मग ती व्यक्ती सुरतेतली का असेना. "आपलं मोजायला आधी हाडं पाहिजेत, आई."

"राहू दे मंग," बायको म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मला तिचा विषय कळायला वेळ लागला, पण कळल्यावर आवडला. आजचे युरोपातले लोक मुख्यतः तीन जुन्या लोकांच्या मिसळीतून झाले, असं तिने मला सांगितलं. पहिले तिथले शिकारी. दुसरे शेतकरी, जे आजच्या तुर्कस्तानच्या बाजूने बियाणं आणि जनावरं घेऊन पिढ्यान्‌पिढ्या पुढं सरकत गेले. तिसरे पशुपालक, जे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानांतून बरंच नंतर आले. उत्तरेकडच्या देशांत पशुपालकांचा वाटा मोठा दिसतो, दक्षिणेत शेतकऱ्यांचा, आणि सार्डिनिया म्हणून एक बेट आहे तिथं तर शेतकऱ्यांचा वाटा सगळ्यांत ठळक. एकेका देशाच्या लोकांसाठी तिने एकेक उभा पट्टा काढला होता आणि तो तीन रंगांत वाटला होता. शिकारी निळे, शेतकरी हिरवे, पशुपालक केशरी.

मी पहिल्यांदा तो तक्ता पाहिला तेव्हा म्हटलं, "हा हिरवा आणि हा निळा शेजारी ठेवू नकोस. भिंतीवर टाकलास तर एकच दिसतील." तिने मुकाट्याने हिरवा बदलून पिवळा केला. घरात माझं एवढं तरी चालतं.

पुढं पीएच.डी.साठी तिने बाहेरगावच्या एका संशोधन संस्थेत अर्ज केला. मुलाखत कॉम्प्युटरवर होणार होती आणि तिथं याच प्रोजेक्टवर दहा मिनिटं बोलायचं होतं. मुलाखतीच्या चार दिवस आधी माझी सुट्टी होती. दुपारी जेवणं झाल्यावर तिने मला आणि आईला खाटेवर बसवलं, लॅपटॉप आमच्याकडे वळवला आणि आम्ही परीक्षक आहोत असं समजून बोलायला लागली. बायको पाच मिनिटांत भिंतीला टेकून झोपली. मी ऐकत होतो.

लेक छान बोलते. एका पट्ट्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "या दक्षिणेकडच्या लोकांत एवढा भाग थेट गवताळ मैदानातल्या पशुपालकांकडून आलेला आहे."

मला ते वाक्य खटकलं. मी विचारलं, "हे वाटे तू काढलेस की कॉम्प्युटरने?"

"प्रोग्रॅमने."

"मग त्याला डबे किती दिले होतेस?"

तिला कळेना. मी समजावून सांगितलं. आमच्या लॅबमध्ये रंग जुळवायचं मशीन आहे. तुकडा त्याच्या भिंगाखाली धरला की ते रेसिपी काढून देतं. कानामागून आलं आणि तिखट झालं, अशातली त्याची गत. पण ते रेसिपी काढतं ती आमच्या स्टोअरमध्ये जे डबे आहेत त्यांचीच, कारण त्याला तेवढेच शिकवलेले आहेत. पार्टीच्या कापडात मूळ हिरवा रंग असेल आणि आमच्याकडे हिरव्याचा डबाच नसेल, तर ते 'हिरवा होता' असं कधीच सांगणार नाही. पिवळ्यात निळा घालून हिरवा करून देईल आणि खाली लिहील, जुळलं.

"तीन डबे दिले," लेक म्हणाली. "तीन जुने लोक. त्यांच्यातूनच वाटणी कर म्हणून सांगितलं."

"आणि ते पशुपालक, तो एकच रंग आहे का? आमच्याकडे काळ्याचा डबा येतो, तो काळा नसतोच. निळा, नारिंगी, जांभळा मिसळून केलेला असतो."

"ते पण मिश्रणच आहेत," ती म्हणाली. "पूर्वेकडचे शिकारी आणि कॉकेशस डोंगराकडचे कोणी तरी. पण पप्पा, कुठं तरी थांबावं लागतं ना. नाहीतर मग मागं मागं जातच राहायचं."

ते मला पटलं. थांबावं लागतं हे खरंच. पण कुठं थांबलो ते सांगायला नको का? तिने तोंड वाकडं केलं आणि लॅपटॉप स्वतःकडे फिरवला. पशुपालकांचा डबा काढून तिने त्याजागी दुसरे ठेवले: मध्य युरोपातले त्यानंतरचे लोक, ज्यांच्यात पशुपालक आधीच मिसळून गेले होते. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तोवर मी चहा टाकला.

चहा होईपर्यंत उत्तर आलं होतं. वाटे बदलले, पण जुळलं ते जुळलंच. म्हणजे एकाच लोकांच्या दोन कहाण्या झाल्या. एका कहाणीत पशुपालक मैदानातून थेट त्यांच्याकडे आले. दुसरीत कोणी थेट आलंच नाही, शेजारच्या मुलखातून पिढ्यांनंतर थोडं थोडं झिरपत आलं. तिच्या दहा मिनिटांतली चार मिनिटं पहिल्या कहाणीवर बांधलेली होती.

तिचा चेहरा उतरला. वर्षभराची मेहनत आणि चार दिवस हातात. मला वाईट वाटलं, आपण उगाच तोंड घातलं असं वाटलं. मग तिने लॅपटॉप धाडकन मिटला आणि म्हणाली, "चालशे, पप्पा. पहिलं जुळतंय ना? मग तेच खरं. एवढं खोलात कोण बघतं?"

मी चहाचा कप खाली ठेवला. तिला तिथंच थांबवायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती, आणि ती मी बायकोलाही सांगितलेली नव्हती. बायको झोपलेलीच होती. मी सांगायला लागलो.

मशीन आमच्या लॅबमध्ये नवीन आलं होतं तेव्हाची गोष्ट. लॅबमध्ये आम्ही दोघं होतो. मी खानदेशातला, दुसरा अमरावतीकडचा, माझ्याहून थोडा लहान. त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. हे लिहायला मला आजही जड जातं, पण होती. मी तीन वेळा तुकडा बुडवून जो शेड आणायचो तो त्याला दुसऱ्या खेपेला जमायचा. मिलचे शेठ येता-जाता त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि मी पिपेटमध्ये रंग ओढत राहायचो.

आमच्या मिलचा एक रामा शेड तेव्हा बाजारात फार चालत होता. हिरवा आणि निळा यांच्या मधला, साड्यांमध्ये बायका मागून घेतात तो. त्याची रेसिपी ज्या वहीत होती ती वही आम्हा दोघांकडेच असायची. एक दिवस शेठ तावातावाने लॅबमध्ये आले आणि दुसऱ्या एका मिलचं कापड माझ्या टेबलावर टाकलं. डिट्टो आमचा रामा. माझा जोडीदार त्या वेळी खाली रंगाईच्या मशीनवर गेला होता. शेठ म्हणाले, "आ कलर आपणो छे के नथी, एटलुं ज कहो." आपला आहे की नाही, एवढंच सांगायचं होतं.

मी तुकडा मशीनखाली धरला. कागद बाहेर आला. आमचेच तीन रंग, प्रमाणही जवळजवळ आमच्या वहीतलं. ट्यूबलाइटखाली दोन्ही कापडं शेजारी धरली, काडीचा फरक नाही. मी म्हणालो, "रेसिपी आपलीच आहे, शेठ."

नाव मी घेतलं नाही. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो, की मी नाव घेतलं नाही. पण वही दोघांकडे, आणि दोघांपैकी एक शेठसमोर उभा राहून बोलत होता. घ्यायला नाव उरलंच होतं कुठं? त्याला वर बोलावलं आणि दहा मिनिटांत बाहेर काढलं. तो जेवणाचा डबा घ्यायला लॅबमध्ये आला तेव्हा मी वहीत डोकं घातलं होतं. पांडेसऱ्यात अशा गोष्टी वाऱ्यासारख्या पसरतात. रेसिपी विकणारा माणूस म्हणून त्याला कुठल्याच मिलने लॅबमध्ये घेतलं नाही.

दोन महिन्यांनी मी खण आवरत होतो. तो तुकडा सापडला, आमच्या रामाचा तुकडाही त्याच्याबरोबर होता. दोन्ही हातात घेऊन मी सहज खिडकीशी गेलो. उन्हात आमचा हिरव्याकडे झुकला आणि दुसरा सरळ निळा पडला. एकाच रेसिपीची दोन कापडं अशी वागत नाहीत. ट्यूबलाइटखाली सारखी दिसून उन्हात फाटली, म्हणजे वेगळी दिसली, याचा अर्थ त्यांच्यातले रंगच वेगळे. त्या मिलच्या मास्टरने त्याच्या डब्यांतून स्वतःच्या डोक्याने तो शेड काढला होता. आणि मशीनने आमची रेसिपी दिली, कारण त्याला आमच्याशिवाय दुसरे डबे माहीतच नव्हते. त्या दिवशीचा कागद मी फाइलमधून काढून पाहिला. तळाला एक आकडा छापलेला होता, उजेड बदलला तर दोन्ही कापडांत किती फरक पडेल ते सांगणारा. आकडा मोठा होता. मी तो वाचलाच नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरही नव्हता.

तुकडे मी खणात परत ठेवले. तोवर लॅब एकट्या माझ्या हातात आली होती आणि शेठ माझ्या पाठीवर थाप मारायला लागले होते. मला तो मान हवा होता. दुसरं काही कारण नाही.

सांगून झाल्यावर मी लेकीकडे पाहिलं. मला वाटलं आता ती मला काही तरी लागेल असं बोलेल. पण तिने आधी कामाचंच विचारलं. "म्हणजे तुम्ही एकाच उजेडात बघितलं?"

"हो."

"मग मलाही दुसरा दिवा लावून बघावं लागेल," ती म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.

पुढचे तीन दिवस तिने काय केलं ते मला अर्धंमुर्धंच कळलं. ज्यांचा या मिसळीशी थेट संबंध नाही असे दूरदूरचे जुने लोक तिने तुलनेला घेतले, आणि प्रत्येकाशी ताडून पाहिलं की दोन्ही कहाण्या टिकतात का. काहींशी दोन्ही टिकल्या. एका ठिकाणी पहिली, थेट आल्याची कहाणी फाटली. दुसरी टिकली. तरी तिने दुसरी खरी असं लिहिलं नाही. दोन्ही पट्टे शेजारी शेजारी मांडले, पहिला कुठं फाटला ते दाखवलं, आणि 'यांच्याकडून आले' असं जिथं जिथं लिहिलं होतं तिथं 'यांच्यासारख्या लोकांची मिसळ म्हणून मांडता येतात' असं केलं. मी म्हटलं, केवढं लांबलचक वाक्य. ती म्हणाली, "लांब आहे, पण उन्हात टिकेल."

मुलाखतीच्या वेळी मी शिफ्टला होतो. परत आल्यावर तिने सांगितलं, की एका परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला, मग यातली खरी कहाणी कोणती? तिने सांगितलं, पहिली पडली, दुसरी अजून पडलेली नाही, एवढंच मला म्हणता येईल. पंधरा दिवसांनी निवड झाल्याचं पत्र आलं. बायकोने गल्लीत पेढे वाटले आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, पोरगी हाडांची डॉक्टर होणार आहे. एक शेजारी त्याच संध्याकाळी दुखरा गुडघा घेऊन आला.

पेढे संपले त्या दिवशी लेक बॅग भरत होती. कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "पप्पा, त्या काकांना तुम्ही सांगितलं?"

"नाही."

"ते आहेत ना सुरतेतच?"

आहेत हे मला माहीत होतं. लिंबायतेत त्याने बायकोबरोबर फॉल-पिकोचं दुकान टाकलेलं आहे. त्या रस्त्याने जायचं टाळण्यासाठी मी वर्षानुवर्षं रिक्षावाल्यांना लांबच्या वाटेने न्यायला सांगितलं होतं.  लेकीला गाडीत बसवून दिलं आणि पुढच्या सुट्टीला मी लिंबायतेला गेलो. मला भीती वाटत होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाला भीती वाटली हे सांगायला लाज वाटते, पण वाटली.

दुकान म्हणजे दारालगतची एक खोली. तो एका बाईची साडी आणि फॉलचा गुंडाळा हातात धरून दाराबाहेर उन्हात उभा होता, फॉलचा रंग साडीला लागतो का बघत. केस पांढरे झालेत. मला त्याने लगेच ओळखलं. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी उभा राहिलो. मग त्याने स्टूल पुढं केलं आणि म्हणाला, "बसा, मास्टर. आज इकडं कसे काय?"

मी पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. सरळ सांगितलं, की त्या दिवशी शेठना रेसिपी आपलीच म्हणून सांगणारा मी होतो, ते खोटं निघालं, दोन महिन्यांत मला कळलं होतं, आणि तरी मी बोललो नाही. माझी चूक झाली, भाऊ, असं म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं होतं ते मी पुसलं नाही.

आत त्याच्या बायकोचं मशीन थांबलं होतं. तो गुंडाळ्याची सुटलेली पट्टी हळूहळू परत गुंडाळत होता. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पट्टी पूर्ण गुंडाळून झाल्यावर तो म्हणाला, "मले सांगून काय फायदा, मास्टर? म्या चोरलं नाई हे मले तं माईतच हाये. ज्याले माईत नाई त्याले सांगा."

चहा त्याने दिला. मी प्यायलो. मग निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. शेठ आता थकलेत, मिल मुलगा बघतो, पण सकाळचा तासभर ते येऊन बसतात. त्यांच्याशी मी गुजरातीतच बोलतो, इथं मराठीत लिहितोय. मी म्हणालो, सोळा वर्षांपूर्वीच्या रामा शेडबद्दल सांगायचं आहे. शेठना शेड आठवला, चेहरा खुलला. म्हणाले, काय चालला होता तो. मग मी म्हणालो, त्यावरून आपण लॅबमधल्या एकाला काढलं होतं.

शेठनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोण? कयो माणस?"

मी नाव सांगितलं. त्यांना आठवेना. मी पुन्हा सांगितलं, बापाच्या नावासकट, गावासकट, किती वर्षं लॅबमध्ये होता त्यासकट. मुलगाही हातातला फोन ठेवून ऐकायला लागला. मग मी तुकड्याचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, त्या कागदावरच्या आकड्याचं सांगितलं, आणि चोरी झालीच नव्हती हे सांगितलं.

 शेठनी विचारलं, "असं होतं, तर तो तेव्हा काही बोलला का नाही?"

"त्याला कोणी विचारलंच नव्हतं, शेठ," मी म्हणालो. "विचारलं होतं ते मला."